यीस्ट स्टार्टरसाठी स्टर प्लेट निवडताना: आधी भांडं, मग कांडी, शेवटी प्लेट

मागच्या हिवाळ्यात ओळखीतला एक मुलगा घरी आला. अमेरिकेत येऊन त्याला वर्ष झालं होतं आणि घरी बिअर करायला त्याने नुकतीच सुरुवात केली होती. हातात नवी कोरी स्टर प्लेट, म्हणजे भांड्यातलं द्रव चुंबकाने ढवळणारं यंत्र. "ताई, तीन हजार आरपीएमची आहे. पाच लिटरपर्यंत ढवळते असं खोक्यावर लिहिलंय." मी म्हटलं, "लाव बघू." त्याने ती ओट्यावर मांडली, सोबत आणलेली काचेची मोठी बरणी वर ठेवली, आत पाणी आणि चुंबकाची कांडी घातली आणि बटण फिरवलं. कांडी दोन-तीन फेरे फिरली, टक्कन बाजूला उडाली आणि बरणीच्या कडेला जाऊन थरथरत बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्लेटमध्ये काही दोष नव्हता. बरणीचं बूड आतल्या बाजूने घुमटासारखं वर आलेलं होतं, आणि अशा बुडावर कांडी मधोमध टिकतच नाही.

त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. स्टर प्लेट सगळ्यात शेवटी निवडायची. आपल्याला यीस्ट किती लागणार हे आधी काढायचं, त्यावरून स्टार्टर (बिअरमध्ये घालण्याआधी वेगळं वाढवून घेतलेलं यीस्ट) किती लिटरचा ते ठरतं, त्यावरून भांडं, भांड्यावरून कांडी आणि कांडीवरून प्लेट. बहुतेक नवे लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि न लागणाऱ्या आकड्यांना पैसे देतात.

आधी कायद्याचं दोन ओळीत. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. अमेरिकेत १९७८ साली संघराज्याचा कायदा बदलला आणि स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर करायला करमुक्त परवानगी मिळाली. मर्यादा वर्षाला एका प्रौढ माणसामागे १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत तर २०१३ साली मुभा मिळाली. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख परदेशात, जिथे मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

स्टार्टर म्हणजे विरजणाची तयारी

दुधाला विरजण कमी पडलं तर काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. दही लागायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात नको ते जंतू हात मारून घेतात आणि दही तार धरतं किंवा आंबूस वास मारतं. बिअरचंही तसंच. माल्टच्या गोड पाण्यात, म्हणजे वर्टमध्ये, यीस्ट कमी पडलं तर आंबायला उशिरा सुरुवात होते, यीस्टवर ताण येतो आणि चवीत नको ते उतरतं. म्हणून पाकिटातलं द्रव यीस्ट थेट न टाकता आधी थोड्या पातळ वर्टमध्ये वाढवून घ्यायचं. हा स्टार्टर.

नुसत्या बाटलीत ठेवूनही स्टार्टर होतो, पण यीस्ट तळाशी बसतं आणि त्याला वरचा प्राणवायू मिळत नाही. यीस्टच्या पेशीला अंकुर फुटून नवी पेशी व्हायची तर आवरणासाठी स्टेरॉल आणि स्निग्धाम्लं लागतात, आणि ती तयार करायला प्राणवायू लागतो. स्टर प्लेट इथे तीन कामं करते: यीस्ट तरंगतं ठेवते, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढते आणि पृष्ठभागावरून हवा आत घेते. खोक्यात एक मोटर, मोटरच्या डोक्यावर चुंबक, वर सपाट झाकण. झाकणावर फ्लास्क, फ्लास्कमध्ये टेफ्लॉनने मढवलेली चुंबकाची कांडी. खालचा चुंबक फिरला की कांडी त्याच्यामागून फिरते. फ्लास्कचं तोंड उघडायला नको, आत काही घालायला नको, त्यामुळे बाहेरचे जंतू जायला वाट नाही. न्यूजर्सीतल्या आर्थर रोझिंगर यांना या उपकरणाचं अमेरिकी पेटंट जून १९४४ मध्ये मिळालं. त्यात फ्लास्कमधला मढवलेला चुंबक आणि तळातला फिरता चुंबक अशीच रचना आहे, आजही ती बदललेली नाही. पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकत असताना प्रयोगशाळेत मी ते रोज वापरायचे. म्हणून सांगते, या यंत्रात गूढ काही नाही आणि फार पैसे घालावेत असंही काही नाही.

पायरी पहिली: तुम्हाला प्लेट लागणार आहे का?

सुकं यीस्ट वापरत असाल तर लागणार नाही. ११-१२ ग्रॅमच्या सुक्या पाकिटात २० लिटर साध्या एलला (कोमट तापमानाला लवकर आंबणाऱ्या बिअरला) पुरतील इतक्या पेशी असतात आणि कारखान्यातच त्यांना पुरेशी शिदोरी बांधून दिलेली असते. सुक्या यीस्टचा स्टार्टर करू नका. ती शिदोरी स्टार्टरमध्येच खर्च होऊन जाते. जास्त यीस्ट हवं असेल तर दुसरं पाकीट फोडा. पहिल्या चार-पाच खेपा सुक्या यीस्टवरच करा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगते. स्वच्छता आणि तापमान हाताशी बसलं की मग द्रव यीस्टकडे वळा.

चार-पाच लिटरच्याच खेपा करणाऱ्यालाही ताजं द्रव पाकीट तसंच पुरतं. आणि प्लेटशिवाय स्टार्टर करणारेही पुष्कळ आहेत: चार लिटरच्या भांड्यात एक लिटर वर्ट घेऊन फेस भरेपर्यंत जोरात हलवायचं, यीस्ट घालायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐन जोमात असताना तसंच बिअरमध्ये ओतायचं. मी ही पद्धत करून पाहिली आहे, एलसाठी ती चांगली चालते. लागर (थंडीत सावकाश आंबणारी बिअर) करणाऱ्याला आणि जुनी पाकिटं किंवा साठवलेलं यीस्ट वाढवणाऱ्याला मात्र प्लेट खरोखर उपयोगाची.

पायरी दुसरी: किती यीस्ट, किती लिटर

हा हिशेब एकदा कागदावर करा, म्हणजे पुढची सगळी खरेदी सोपी होते. एलसाठी ढोबळ नियम असा की वर्टच्या दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (प्लेटो हे वर्टमधल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी. लागरला दुप्पट, पंधरा लाख.

समजा १९ लिटर, म्हणजे पाच गॅलनची खेप आहे आणि वर्टची घनता १.०४८, म्हणजे जवळजवळ १२ अंश प्लेटो. १९,००० गुणिले १२ गुणिले साडेसात लाख: १७१ अब्ज पेशी. लागर असेल तर ३४२ अब्ज. आता द्रव यीस्टच्या पारंपरिक पाकिटात ताजं असताना साधारण १०० अब्ज पेशी असतात, आणि फ्रीजमध्येही महिन्याला सुमारे वीस टक्के मरतात असं धरून चालायचं. दोन महिने जुनं पाकीट असेल तर हातात साठ-पासष्ट अब्ज उरतात. (काही नव्या पाकिटांत दुप्पट पेशी भरतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा आणि तारीख दोन्ही वाचा.)

स्टार्टरमध्ये वाढ किती होते? सतत ढवळत ठेवलं तर सुक्या माल्ट अर्काच्या दर ग्रॅमला साधारण १.४ अब्ज नव्या पेशी, हे घरी बिअर करणाऱ्यांत रुळलेलं माप आहे. एक लिटर स्टार्टरला १०० ग्रॅम अर्क लागतो. म्हणजे एका लिटरमागे १४० अब्जांची भर. साठात १४० मिळवले की २००: एल भागली. दोन लिटर केला तर साठ अधिक २८०, ३४०: लागरही जवळपास भागलं.

यातून जे निघतं ते लक्षात घ्या. पाच गॅलनच्या खेपा करणाऱ्या माणसाला एक किंवा फार तर दोन लिटर ढवळता आले की काम झालं. खोक्यावरचे पाच लिटर, दहा लिटर हे आकडे आपल्यासाठी नाहीत. शिवाय ते बहुतेक वेळा साध्या पाण्यावर मोजलेले असतात.

पायरी तिसरी: भांडं

भांड्याचं बूड हाच सगळ्या प्रकरणाचा पाया. आतून सपाट, बाहेरून सपाट आणि फार जाड नको. बोरोसिलिकेट काचेचा शंकूच्या आकाराचा एर्लेनमायर फ्लास्क यासाठीच चांगला. एमिल एर्लेनमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास तो आणला. तोंड अरुंद आणि बूड रुंद असल्यामुळे गोल ढवळलं तरी उसळून बाहेर येत नाही.

एक लिटर स्टार्टरसाठी दोन लिटरचा फ्लास्क घ्या, दोन लिटरसाठी तीन किंवा पाच लिटरचा. वर मोकळी जागा हवीच, कारण यीस्ट जोमात आलं की फेस दुधासारखा उतू जातो. एकच घ्यायचा तर कितीचा घ्यावा? मी म्हणेन, एलच करणार असाल तर दोन लिटरचा आणि लागरचा विचार असेल तर सरळ पाच लिटरचा. तीनचा घेतलेले बरेच जण वर्षभरात पाचचा घेतात. पाच लिटरच्या फ्लास्कचं बूड मात्र वीस सेंटिमीटरच्या वर असतं, ते प्लेटच्या खोक्याच्या बाहेर येणार. बाहेर आलं तरी चालतं, डुगडुगलं नाही पाहिजे.

घरातल्या बरण्या वापरायच्या असतील तर आधी तपासा. बरणीत थोडंसं पाणी ओता आणि वरून बघा. पाणी कडेने गोल कड्यासारखं साचलं आणि मध्ये कोरडा टेकाड राहिला तर बूड फुगलेलं आहे, ती बरणी बाजूला ठेवा. बिअरच्या मोठ्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, बहुतेक सगळ्या अशाच निघतात. स्टीलचा डबा घेऊ म्हणाल तर त्याच्या बुडाला चुंबक लावून पाहा. चिकटला तर कांडीही बुडाला चिकटून बसेल.

फ्लास्कमध्येच वर्ट उकळायचा मोह होतो. टाळा. फ्लास्कच्या अरुंद गळ्यातून वर्ट एकदम उसळतं आणि हात भाजतो. इलेक्ट्रिक कॉइलच्या शेगडीवर काच एकाच जागी तापून तडकूही शकते. साध्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, झाकून गार करा आणि जंतुनाशकाने धुतलेल्या फ्लास्कमध्ये ओता.

पायरी चौथी: कांडी

प्लेटसोबत बहुधा २५ मिलिमीटरची छोटी कांडी येते. एका लिटरला ती कशीबशी पुरते. दोन लिटरच्या फ्लास्कला ३८ ते ५० मिलिमीटरची हवी. वेगळी विकत घेतलीत तरी ती स्वस्त असते. मधोमध कडं असलेली कांडी त्या कड्यावर तोलून फिरते, बुडाशी घासणं कमी होतं आणि बूड किंचित उंचसखल असलं तरी निभावून नेते. मी ५० मिलिमीटरची, कडंवाली वापरते.

पण लांबी नुसती भांड्यावरून ठरत नाही. कांडीची दोन टोकं म्हणजे चुंबकाचे दोन ध्रुव, आणि खाली मोटरवर बसवलेल्या चुंबकांचेही दोन ध्रुव वर तोंड करून असतात. हे अंतर एकमेकांशी जुळलं तर पकड घट्ट बसते. खालचे ध्रुव २५ मिलिमीटरवर आणि वरची कांडी ६० ची असेल तर ती ओढली जाते खरी, पण जरा वेग वाढला की सुटते. प्लेट विकणाऱ्याने "अमुक ते अमुक मिलिमीटरची कांडी चालेल" असं लिहिलं असेल तर ते पाळा. लिहिलं नसेल तर कांडी हातात आडवी धरून झाकणाच्या मधोमध आणा आणि हळूच सोडा. ती स्वतःहून सरळ होऊन ज्या जोराने झाकणाला बसते त्यावरून पकडीचा अंदाज येतो. घट्ट बसली पाहिजे, सरकवायला बोटाला जोर लागला पाहिजे.

दोन कांड्या घ्या. एक हमखास हरवते, किंवा बिअरच्या भांड्यात जाऊन पडते.

पायरी पाचवी: आता प्लेट

वेगापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. जाहिरातीत फ्लास्कच्या बुडापर्यंत गेलेला खोल भोवरा दाखवतात. स्टार्टरला तो लागत नाही. पृष्ठभागावर वाटीएवढा खळगा पडला आणि यीस्ट खाली बसत नाही एवढं दिसलं की पुरे. म्हणून प्लेटचा वरचा वेग किती हे विचारू नका. ती खाली किती हळू आणि किती स्थिर फिरते हे बघा. बटण जरासं फिरवलं की एकदम शून्यावरून आठशेवर उडी मारणारी प्लेट कांडी फेकणारच. बटण हळूहळू फिरवताना वेगही तसाच हळूहळू चढला पाहिजे. आकडे दाखवणारा पडदा नसला तरी काही अडत नाही. डोळ्यांना खळगा दिसतोच.

दुसरं, चोवीस ते छत्तीस तास न थांबता चालणं. प्रयोगशाळेत स्टरर बहुधा तासाभरासाठी लावतात, आपण रात्रभर आणि वर दिवसभर. त्यामुळे ब्रश नसलेली मोटर असलेली प्लेट घ्या. ती कमी तापते आणि कमी आवाज करते. आवाज किरकोळ वाटेल, पण झोपायच्या खोलीशेजारी रात्रभर गुरगुर ऐकल्यावर तो किरकोळ राहत नाही.

तिसरं, वीज. माझा कल स्पष्ट आहे: भिंतीत बसणारा वेगळा अॅडॉप्टर आणि खोक्यात फक्त १२ व्होल्ट जाणारी प्लेट. स्टार्टर कधी ना कधी उतू जातोच. गोड चिकट पाणी खोक्यावरून ओघळतं, तेव्हा आत घरातली पूर्ण वीज नसलेली बरी. झाकणाला स्क्रूची भोकं किंवा जाळी नको, सलग पृष्ठभाग हवा.

भारतातून प्लेट आणावी का, असं बरेच जण विचारतात. हरियाणातलं अंबाला प्रयोगशाळेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथले चुंबकी स्टरर मजबूत असतात. पण ते २३० व्होल्टवर चालतात, अमेरिकेत १२० व्होल्ट मिळतात. १०० ते २४० व्होल्टचा अॅडॉप्टर असलेली असेल तरच बॅगेत घाला. ट्रान्सफॉर्मर घेऊन ते ओझं वापरण्यात अर्थ नाही. इथे चाळीस-पन्नास डॉलरपासून कामाची प्लेट मिळते.

चौथी गोष्ट मी स्वतः यीस्ट गमावून शिकले. तापवायची सोय असलेली प्लेट घेऊ नका. मी सुरुवातीला प्रयोगशाळेतून निघालेली जुनी प्लेट घेतली होती, स्वस्तात मिळाली म्हणून. तिला शेजारी शेजारी दोन बटणं होती, एक ढवळण्याचं, एक उष्णतेचं. रात्री ओटा पुसताना फडका उष्णतेच्या बटणाला लागला असावा. सकाळी फ्लास्कला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आतून शिजलेल्या यीस्टचा, मांसाच्या रश्शासारखा वास येत होता. लागरसाठी दोन टप्प्यांत वाढवलेलं यीस्ट होतं, चार दिवसांची मेहनत. पन्नास अंशांच्या आसपास यीस्टचा टिकाव लागत नाही आणि आपल्याला हवेत वीस ते पंचवीस. तुमच्याकडे अशी प्लेट आधीच असेल तर उष्णतेचं बटण उपटून कपाटात ठेवा.

झाकण कशाचं, याने फार फरक पडत नाही. प्लास्टिक चालतं, काच चालते, सिरॅमिक उत्तम. जाड ॲल्युमिनियम मात्र टाळावं. चुंबक त्याला चिकटत नाही, तरी फिरत्या चुंबकामुळे त्या धातूत विजेचे प्रवाह उठतात आणि ते फिरण्याला अडवतात.

घरीच करायची असेल तर

संगणकाचा जुना १२ व्होल्टचा पंखा, निकामी हार्ड डिस्कमधला चुंबक, वेग कमी-जास्त करायचं छोटं नियंत्रक आणि एक अॅडॉप्टर एवढ्यात प्लेट होते. माझी दुसरी प्लेट अशीच होती आणि चार वर्षं चालली.

हार्ड डिस्क उघडायला बहुधा टॉर्क्स टी-८ चा पेचकस लागतो. आत लोखंडी पट्टीला चिकटवलेले, केळ्याच्या फोडीसारखे वाकडे चुंबक दिसतील. पट्टी दोन पकडींनी दोन टोकांना धरून वाकवली की चुंबक सुटतो. हे चुंबक निओडिमियमचे असतात. दोन जवळ आणले की फटकन आदळतात आणि मध्ये बोट असेल तर चांगलंच चिमटतं. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करू नये. या चुंबकाच्या एकाच तोंडावर अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण असतो, त्यामुळे एकच चुंबक पंख्याच्या मध्यावर चिकटवला तरी दोन ध्रुव वर येतात. होकायंत्र जवळ नेऊन बघा, सुई एका टोकाला एकीकडे आणि दुसऱ्या टोकाला दुसरीकडे वळेल.

यश सगळं मध्य साधण्यावर आहे. पंख्याच्या मध्यावरचा गोल कागद कापून घ्या, दोनदा घडी घालून त्याचा मध्य काढा, चुंबक आधी दुहेरी चिकटपट्टीने लावा आणि पंखा फिरवून बघा. खोकं थरथरलं तर चुंबक केसभर सरकवा, पुन्हा फिरवा. थरथर थांबली की मगच इपॉक्सीने पक्का करा. मी हा भाग घाईने केला होता, आणि पंखा आठवडाभरात कुरकुरायला लागला म्हणून सगळं उखडून पुन्हा लावावं लागलं. चुंबक आणि झाकण यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर ठेवा. त्यापेक्षा जास्त झालं तर पकड सुटते. पंखा अगदी कमी व्होल्टवर जागचा हलत नाही, तेव्हा सुरू करताना बटण थोडं वर नेऊन, फिरायला लागला की खाली आणायचं.

घरी आणल्यावर पहिली रात्र

यीस्ट घालायच्या आधी एक पूर्ण रात्र साध्या पाण्यावर चालवा. हे कुणी करत नाही, आणि परत करायची मुदत संपल्यावर दोष कळतो.

फ्लास्कमध्ये तुमच्या स्टार्टरएवढं पाणी घ्या. कांडी वरून टाकू नका. फ्लास्क तिरपा धरून काचेवरून घसरवा. फ्लास्क प्लेटच्या मधोमध आणा. कांडी आपोआप मध्याशी येऊन बसते, त्या खुणेने फ्लास्क सरकवा. बटण शून्यावरून हळू चढवा, खळगा पडला की थांबा. आता त्या पाण्याचं तापमान मोजून कागदावर लिहा. सकाळी पुन्हा मोजा. खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असेल तर फ्लास्कखाली पातळ बुचाची चकती ठेवा. आमच्या तळघरात जानेवारीत पंधरा अंश असतात, तिथे मोटरची ही ऊब मला हवीच असते. उन्हाळ्यात टेक्सासमध्ये राहणाऱ्याला ती नको असेल.

सकाळी कांडी फिरते आहे ना, वेग तोच आहे ना, तेही बघा. मग प्लग काढून पुन्हा लावा. काही डिजिटल प्लेट वीज गेली की परत शून्यावर येतात आणि बंदच राहतात. रात्री दहा मिनिटं वीज गेली तर सकाळपर्यंत यीस्ट तळाशी बसलेलं मिळेल. नुसत्या बटणाच्या साध्या प्लेट वीज आली की चालू होतात, म्हणूनही मला त्या आवडतात.

कांडी उडत असेल तर या क्रमाने शोधा: फ्लास्क मध्यावर आहे का, वेग एकदम वाढवला का, कांडीची लांबी जुळते का, बूड सपाट आहे का. हे चारही ठीक असतील आणि तरी कांडी उडत असेल, तर चुंबक कमजोर आहे. तेव्हा प्लेट परत करा.

पहिला स्टार्टर

एका लिटरला १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क, घनता १.०३७ च्या आसपास येते. यापेक्षा दाट करू नका. उकळून, वीस-बावीस अंशांवर आणून फ्लास्कमध्ये ओता, कांडी आणि यीस्ट घाला. तोंडावर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न घेणारं बूच) लावू नका. जंतुनाशक फवारलेली ॲल्युमिनियम फॉइल सैल गुंडाळा, म्हणजे धूळ आत पडत नाही आणि हवा जाते-येते. पहिल्या काही तासांत काहीच दिसत नाही. मग रंग हळूहळू फिका, दुधट होत जातो. चहात दूध थोडं थोडं वाढवत न्यावं तसा. वर फेसाचा थर येतो आणि जातो. दीड दिवसात काम झालेलं असतं.

नंतर फ्लास्क एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. यीस्ट सायीसारखं तळाशी बसतं, वरचं पाणी थोडंसं ठेवून बाकीचं ओतून टाकायचं. ढवळलेल्या स्टार्टरचं ते पाणी चवीला चांगलं नसतं, दोन लिटर असेल तर बिअरमध्ये घालूच नये. बिअर करायच्या दिवशी फ्लास्क बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, जे थोडंसं पाणी ठेवलंय त्यात यीस्ट गोल हलवून सैल करा.

ओतायच्या आधी एक चुंबक घ्या, फ्रीजवर लावायचा जाडसर असला तरी चालेल, आणि फ्लास्कच्या बाहेरून बुडाजवळ धरा. आतली कांडी टकदिशी काचेला येऊन बसते. चुंबक तसाच धरून यीस्ट ओता. कांडी लगेच धुऊन, पुसून वेगळ्या डबीत ठेवा. चिकटलेलं यीस्ट वाळलं की टेफ्लॉनवरून निघता निघत नाही. आणि प्लेट उचलायच्या आधी, खळगा बरोबर पडत होता त्या जागी बटणाशेजारी पेन्सिलने एक रेघ मारा, बाजूला लिहा: दोन लिटरचा फ्लास्क, एक लिटर.